अस्त्राचा उपसंहार



आषाढी एकादशीची सायंकाळची आरती आटोपून तीर्थप्रसाद वाटला जात असता एक गृहिणी सभामंडपाच्या कडेला थांबून राहिल्या. मंडळी पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "बुवा, प्रश्न देवाधर्माचा नाही, म्हणून सर्वांसमोर विचारला नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. वर्गातली सारी मुले मोबाईलवर बंदुकीचे खेळ खेळतात. यालाही हवा आहे. कोणता द्यावा, की मुळीच देऊ नये?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "ज्यात बंदूक आहे तो खेळ घरात येऊ देऊ नका. प्रश्न मिटला."

त्या शांतपणे म्हणाल्या, "महिनाभर तेच केले, बुवा. आता तो जिन्याखाली बसून शेजारच्या दादाच्या फोनवर खेळतो. काय खेळतो ते मला कळत नाही आणि विचारले तर तो सांगत नाही."

यावर आम्ही निरुत्तर झालो. घरी जाताना आपले उत्तर आपल्यालाच सलत राहिले. आईला निषेधाचा एक शब्द देऊन आम्ही मोकळे झालो होतो. मूल मात्र जिन्याखालीच राहिले होते. शिवाय, प्रश्न देवाधर्माचा नाही असे त्या म्हणाल्या, तेही आम्हांस पटेना. मुलाच्या हाती काय द्यावे, केव्हा द्यावे आणि दिल्यावर आपण कोठे असावे, याहून मोठा गृहस्थधर्म तो कोणता? याच प्रश्नावर महाभारतात एका पित्याची संपूर्ण कथा आहे. ती आज आपण पाहू.

हा पिता म्हणजे आचार्य द्रोण. आदिपर्वात सांगितले आहे की, द्रोणांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. मुलांनी थट्टेने त्याला पिठाचे पाणी दिले आणि तो भोळा जीव 'मी दूध प्यालो' म्हणून नाचू लागला. ते पाहून द्रोणांच्या काळजाला जी जखम झाली, ती पुढे कधी भरून आली नाही. 'इतरांच्या मुलांपाशी आहे आणि माझ्या मुलापाशी नाही' हे दुःख त्यांच्या मनात कायमचे घर करून राहिले. बंधुभगिनींनो, हे दुःख आपणांपैकी कोणास अपरिचित आहे? मूल म्हणते, "सगळ्यांकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही," तेव्हा आपल्या आत द्रोणच हळवे होत असतात.

पुढे द्रोणांनी अर्जुनास ब्रह्मशिर अस्त्र दिले. मुलाला ते सहन झाले नाही. त्याने हट्ट धरला. सौप्तिकपर्वात श्रीकृष्ण सांगतात की, आपला पुत्र चंचल आहे हे द्रोण जाणून होते. तथापि अप्रसन्न मनाने का होईना, त्यांनी ते अस्त्र त्याला दिले. देताना बजावले मात्र, की कितीही मोठे संकट आले तरी हे वापरू नकोस आणि मनुष्यांवर तर मुळीच नाही. अपात्र हाती अस्त्र द्यायचे आणि सोबत एक उपदेश जोडून समाधान मानायचे, असा हा व्यवहार झाला. आपणही फोन मुलाच्या हाती देतो आणि "जास्त वेळ नको हं" एवढे म्हणून स्वयंपाकघरात किंवा कचेरीच्या कामात गढून जातो. द्रोणांच्या आणि आपल्या उपदेशात फार अंतर नाही.

या कथेतून आम्हांस तीन प्रश्न सापडले. मुलासाठी खेळ निवडताना प्रत्येक घराने ते विचारावेत.

पहिला प्रश्न लक्ष्याचा: नेम कोणावर? तेच अस्त्र घेऊन अश्वत्थामा द्वारकेस गेला आणि त्याच्या बदल्यात त्याने सुदर्शन चक्र मागितले. भगवंतांनी 'घे' म्हटले. डाव्या हाताने, मग उजव्या हाताने त्याने सारे बळ लावले. चक्र जागचे हलले नाही. तेव्हा भगवंतांनी विचारले, की हे घेऊन तू लढणार तरी कोणाशी? उत्तर आले, तुमच्याशीच! शस्त्र मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावयाचा असतो. आश्चर्य असे की, या खेळांच्या आरंभीच्या काळातही हा विचार झालेला दिसतो. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गाजलेला खेळ रचला. मनुष्यांवर गोळ्या झाडणे बरे नव्हे, या विचाराने त्यात परग्रहावरचे प्राणी शत्रू म्हणून योजले गेले. २०१५ साली निन्टेंडो या जपानी कंपनीने 'स्प्लाटून' नावाचा खेळ काढला. त्यात नेम आहे, चढाओढ आहे, परंतु बंदुकीतून रंग उडतो आणि ज्या गटाने अधिक भूमी रंगवली तो जिंकतो. आपल्या रंगपंचमीच्या पिचकारीचेच हे भावंड म्हणावयाचे. बंदूक दिसली की सारे खेळ सारखे, हे आमचे एकादशीचे मत अज्ञानाचे होते, हे आम्ही येथे कबूल करतो.

दुसरा प्रश्न अधिकाराचा: कोणत्या वयास काय? आपल्या शास्त्रांनी अधिकारभेद मानला आहे. तान्ह्या बाळास उष्टावणाआधी अन्न नाही आणि उपनयनाआधी वेदाध्ययन नाही. या खेळांनाही असा अधिकारभेद लावलेला असतो, हे पुष्कळ पालकांस ठाऊक नाही. १९९३ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर चर्चा झाली आणि १९९४ मध्ये तेथे ईएसआरबी हे मंडळ निघाले. युरोपात २००३ पासून पेगी ही पद्धती आली. पेगी खेळावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा घालते. आपल्याकडे अँड्रॉइड फोनवरील प्ले स्टोअरमध्येही खेळाच्या नावाजवळ असाच वयाचा आकडा दिलेला असतो. सातच्या खेळातील मारामारी स्पष्टच खोटी, चित्रातली असते. बारामध्ये ती थोडी वाढते, परंतु खऱ्यासारखी नसते. सोळामध्ये ती प्रत्यक्षासारखी दिसू लागते. अठराचा आकडा, अतिशय क्रूर हिंसा, विनाकारण केलेली हत्या किंवा असहायांवरचा प्रहार असेल तेथे लागतो. निजलेल्या द्रौपदीपुत्रांचा ज्या रात्री वध झाला, त्या रात्रीवर हाच आकडा पडला असता!

म्हणून उपरोक्त 'स्प्लाटून'वर पेगीचा ७ चा आकडा आहे. 'फोर्टनाइट'वर १२ आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या अलीकडील बहुतेक भागांवर १८ आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या आईने यातले काय निवडावे, हे निराळे सांगावयास नको. परंतु दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. एक, हा आकडा खेळ सोपा की अवघड हे सांगत नाही. मुख्यतः त्यात काय दाखवले आहे ते सांगतो. दुसरी, खेळात जे अनोळखी लोक भेटतात आणि बोलतात, त्यांच्या वाणीची हमी कोणताही आकडा देत नाही. सबब लहान मुलासाठी एकट्याने, किंवा घरातील माणसाबरोबर, खेळता येईल असाच खेळ पाहावा. परक्यांशी बोलण्याची सोय असल्यास ती बंद करावी. आणि पैसे देऊन वस्तू घेण्याच्या सोयीला गुप्त आकड्याचे कुलूप लावावे. प्ले स्टोअरमध्ये पालक-नियंत्रण म्हणून एक व्यवस्था आहे. तेथे वयाची मर्यादा एकदा ठरवून आपला गुप्त आकडा घातला, की त्यापुढचे खेळ त्या फोनवर उतरवून घेता येत नाहीत.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. आपल्याच गुजरातेत २०१९ च्या मार्चमध्ये राजकोट येथे पोलिसांनी 'पब्जी'वर बंदी घातली आणि तो खेळणाऱ्या काही तरुणांस अटकही झाली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तो खेळ देशभर बंद केला. जुलै २०२१ मध्ये तो नवे नाव घेऊन आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. राजाज्ञा आदरणीयच आहे. परंतु ती येते आणि जाते. आठ वर्षांच्या मुलास तीन तास म्हणजे शाळेतून आल्यावरची सारी संध्याकाळ होय! ती वाचवावयाची तर उंबरठ्याच्या आत आईबापांचाच अंमल हवा.

तिसरा प्रश्न उपसंहाराचा, आणि हाच सर्वांत मोठा: सोडलेले अस्त्र परत घेता येते काय? युद्ध संपल्यावर व्यासांच्या आश्रमापाशी अश्वत्थाम्याने गवताची एक काडी घेऊन तिच्यावर ते अस्त्र योजिले. अर्जुनानेही आपले सोडले. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले आणि दोघांसही अस्त्र आवरण्यास सांगितले. अर्जुनाने आवरले, कारण त्याच्या ठायी व्रत होते, संयम होता. अश्वत्थाम्याला ते आवरता आले नाही. त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले. दोघांची विद्या एक, गुरू एक. भेद एवढाच की एकाला थांबता येत होते आणि दुसऱ्याला येत नव्हते.

आजचे वैद्यकशास्त्रही याच ठिकाणी बोट ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली संमत केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला आहे. त्याचे पहिले लक्षण सांगितले आहे ते हिंसा नव्हे, तर आवर सुटणे: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि हानी दिसत असूनही तो न सुटणे. उगाच भीतीही बाळगू नये. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले की, हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलाढकली करणे अशा वर्तनाशी लहानसा संबंध दिसतो. परंतु त्यांमुळे माणूस प्रत्यक्ष रक्तपात करतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. तात्पर्य, आपले मूल खेळाने खुनी होईल ही चिंता नको. त्याला खेळ खाली ठेवता येईल काय, ही चिंता असावी.

आता त्या घराची हकीकत. पुढच्या गुरुवारी त्या बाई मुलास घेऊन मंदिरात आल्या. ही कथा आम्ही त्यालाच सांगितली. मग आईने त्याच्यासमक्ष फोनवर शोध घेऊन, ७ चा आकडा असलेला, आकाशातून उतरणाऱ्या यानांवर नेम धरण्याचा एक साधा खेळ निवडला. नियम तीन ठरले: खेळ दिवाणखान्यात, दिवेलागणीच्या आधी, अर्धा तास, आरंभी आई किंवा आजोबा शेजारी बसणार, आणि वेळ संपताच फोन मुलाने स्वतःच्या हाताने परत द्यायचा, कोणी हिसकावून घ्यायचा नाही. त्या परत देण्याला त्यांनी घरात 'उपसंहार' हेच नाव ठेवले. शेजारच्या मुलाच्या आईशीही त्या बोलल्या. दोष न देता, दोघींची काळजी एकच आहे असे म्हणून.

सारे सुरळीत झाले असे आम्ही सांगणार नाही. पहिले चार दिवस रडारड झाली. एकदा फोन जमिनीवर आदळला आणि दोन दिवस खेळ बंद राहिला. पाचव्या दिवशी रात्री पानावर बसले असता वडील डाव्या हाताने फोन चाळत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचा उपसंहार कधी?" ते गृहस्थ आम्हांस स्वतः सांगत होते की, कोणा शास्त्र्याच्या शब्दाने जे झाले नसते ते त्या प्रश्नाने झाले. आता त्या घरी जेवणाच्या वेळी सर्वांचे फोन देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असतात. मुलगा अजूनही कधीकधी "आणखी पाचच मिनिटे" म्हणतो. परंतु जिन्याखाली बसत नाही. मोठ्या मुलांनी चिडवले तर येऊन आईला सांगतो. आमच्या मते खरी कमाई ती हीच.

द्रोणांनी मुलावर प्रेम कमी केले नव्हते. त्यांनी इशाराही दिला होता. उणीव एवढीच राहिली, की देण्याची घाई झाली आणि आवरणे शिकवायचे राहून गेले. त्याचे मोल उत्तरेच्या गर्भाने भोगले. श्रीकृष्णांनी त्या बाळास पुन्हा जीवन दिले म्हणूनच परीक्षिती जन्मला आणि वंश टिकला. अश्वत्थाम्यास मस्तकीचा मणी द्यावा लागला आणि तीन सहस्र वर्षे एकाकी भटकण्याचा शाप मिळाला. एकाकीपणाची ती शिक्षा आपल्या मुलांनी बालपणीच, बंद दाराआड आणि जिन्याखाली भोगू नये, एवढे आपल्या हाती आहे.

म्हणून प्रत्येक सभासद कुटुंबाने एक छोटा संकल्प करावा. आज घरी गेल्यावर मुलाच्या शेजारी बसून, तो काय खेळतो ते रागावल्याशिवाय एकदा पाहावे. नेम कोणावर आहे ते विचारावे, वयाचा आकडा पाहावा आणि खेळ संपल्यावर तो स्वहस्ते खाली ठेवतो की नाही, हे पाहावे. तसेच आपणही आपला फोन खाली ठेवून दाखवावा, कारण आवरणे हे सांगून शिकवता येत नाही. ते पाहूनच शिकले जाते.

ज्या भगवंताने गर्भातील बालकाचे रक्षण केले, तो आपल्या सर्वांच्या घरच्या बालकांचे रक्षण करो आणि आपणांस त्यांच्या शेजारी बसण्याची बुद्धी देवो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥