एका पैची चूक



वारकरी बंधुभगिनींनो, नाथमहाराजांची ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असता एके रात्री हिशेबात एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यात तेल घालीत बसून राहिले. चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. एकाग्रता कशी असावी ते सांगण्यासाठी कीर्तनकार ही कथा लावतात. मीही पुष्कळदा लावली आहे. आज मात्र मला ती पैच घेऊन बसायचे आहे.

गेल्या माघीला आमच्या दिंडीतले एक जुने टाळकरी आले नाहीत. वारी न चुकविणारा माणूस! परतल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. माउली ओसरीवर बसली होती, डोळे वर उचलेना. "बुवा, कोणत्या तोंडानं नामदेव पायरीशी डोकं टेकू? पोरीच्या लग्नाचा पैसा पोरानं घालवला."

पोरगा बी.ए. झालेला, दोन वर्षे काम शोधीत होता. मोबाइलवर निरोप आला: घरबसल्या काम, हॉटेलांना चांगले शेरे द्यायचे, रोजची मजुरी रोज. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर आले. दुसऱ्या दिवशीही आले. मग सांगितले, मोठे काम हवे तर आधी दोन हजार भरा. ते वाढून परत मिळाले. पुढे टेलिग्रामवरच्या मंडळीत घेतले. तिथे जो तो सांगे, मला इतके मिळाले, मला तितके मिळाले. पडद्यावर पोराच्या नावाचा आकडा फुगत गेला. तो काढू म्हटले तर म्हणाले, आधी कर भरा. कर भरला तर म्हणाले, खाते गोठले, ते मोकळे करायला आणखी भरा.

ते दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेली कणीक. मंडळीतले बहुतेक लोक ठकाचेच. आणि पडद्यावरचा आकडा हा पैसा नव्हे. तो ठकानेच लिहिलेला.

लोभाने बुडाला, असे गाव म्हणाले. मी म्हणत नाही. पोराला फुकटचे नको होते, काम हवे होते. ठकाने त्याच्या कष्टाच्या इच्छेलाच गळ लावला, म्हणून हे पाप मला साध्या चोरीहून मोठे वाटते.

आता ती पै शोधू. सावतोबांनी मळा केला, गोरोबांनी मडकी घडविली, सेना महाराजांनी वस्तरा चालविला. सर्वांच्या वहीत एक गोष्ट सारखी: कष्ट आपले, मोल समोरच्याचे. चाकरी देणाराच चाकराकडे मोल मागू लागला की वही उलटी झाली. नोंदणीचे पाचशे, प्रशिक्षणाचे दोन हजार, लॅपटॉपची अनामत, गणवेश... नावे निरनिराळी, चूक तीच. सरकारी परीक्षेला शुल्क असते, हे खरे. पण ते जाहिरातीत छापलेले असते, आणि त्याने परीक्षेला बसता येते, नोकरी मिळत नाही.

"पण बुवा, पत्रावर मोठ्या कंपनीचा शिक्का होता!" अहो, वारीच्या गर्दीत खिसेकापूही कपाळी बुक्का लावून शिरतो. त्याने माळ खोटी होत नाही, आणि तोही वारकरी होत नाही. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का पाहावे, तिथला फोन घेऊन विचारावे. निरोपात आलेल्या क्रमांकावर विचारले तर ठकच उत्तर देणार! पैसे जमा व्हायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. "तुमचे खाते वापरू द्या, कमिशन देऊ" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारी येतात.

परदेशाचे याहून कठीण. संगणकाची नोकरी म्हणून कितीक तरुण पर्यटक व्हिसावर थायलंडला गेले आणि म्यानमारच्या सीमेपलीकडे कोंडले गेले. तिथे त्यांच्याकडूनच हे ठकीचे काम करवून घेतले. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी ५०० हून अधिक भारतीयांना परत आणले. पोर परदेशी निघाले तर एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आधी पाहा.

आणि फसलाच कोणी, तर रडत बसू नये, त्याच घटकेला १९३० ला फोन लावावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. वेळेत कळले तर बँक तो वाटेत अडवू शकते. आमच्या टाळकऱ्यांच्या घरी लाजेपायी बारा दिवस गेले. वर "गेलेले पैसे सोडवून देतो, फी द्या" म्हणणारा दुसरा ठकही आला!

मी त्या पोराला म्हटले, एकादशीला देवळात ये आणि तुझ्या तोंडाने हे सांग. बाप नको म्हणत होता. पोरगा आला. वीणेजवळ उभा राहून खाली मान घालून सारे सांगितले. सांगून झाल्यावर मागच्या बाजूने एक बाई उठली, पदराआडून मोबाइल काढला आणि म्हणाली, "दादा, हे बघ बरं, माझ्या सुनेला कालपासून असंच येतंय." मग आणखी दोघे उठले. त्या रात्री कीर्तन तासभर उशिरा सुरू झाले.