खाणीचा बाजारहाट

खाण माल विकून किती कमावते, यावर सगळेच बोलतात. ती स्वतः काय विकत घेते आणि कोणाकडून, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारत नाही. खरं तर बहुतेक मोठ्या खाणींच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पुरवठादारांकडे जातो. पगार आणि कर त्यानंतर येतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा प्रदेशातल्या लोहखनिजाच्या खाणी याचा चांगला नमुना आहेत. कामगार विमानाने येतात, आठवडा-दोन आठवडे राबतात आणि परत जातात. त्यांना तीन वेळचं जेवण लागतं, धुतलेल्या चादरी लागतात. लाल धूळ उडून डंपरचालकाला समोरचं दिसेनासं होऊ नये म्हणून रस्त्यांवर सतत पाणी मारणारे टँकर लागतात. शिवाय कुंपण, डागडुजी, रखवाली, कचरा. यातलं बरंचसं काम स्थानिक माणूस करू शकतो. तरीही वर्षानुवर्षं ते पर्थच्या किंवा मेलबर्नच्या कंपन्यांकडे जात राहिलं आणि ज्यांच्या जमिनीखालचं लोखंड निघत होतं, ते आदिवासी बाहेरच राहिले.

2011 मध्ये फोर्टेस्क्यू या कंपनीने जाहीर केलं, की 2013 अखेरपर्यंत आदिवासी मालकीच्या उद्योगांना 1 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची कंत्राटं द्यायची. मुदतीच्या सहा महिने आधीच तो आकडा गाठला गेला. त्यात आदिवासींच्या बिगर-आदिवासी कंपन्यांशी असलेल्या भागीदाऱ्याही मोजल्या होत्या, पण तो विषय पुढे येईलच. आकड्यापेक्षा लक्ष देण्याजोगी आहे ती पद्धत. मोठ्या खाणीची निविदा भरायची तर विमा हवा, सुरक्षेची प्रमाणपत्रं हवीत, आधीच्या कामाचा अनुभव हवा आणि मुख्य म्हणजे यंत्रं हवीत. यंत्रांसाठी कर्ज हवं, कर्जासाठी तारण हवं. आणि पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवरून हुसकावलेल्या माणसाकडे तारण कुठून येणार? फोर्टेस्क्यूने बँकेला स्वतःची हमी दिली, तेव्हा या उद्योगांना यंत्रं भाडेकराराने मिळू लागली. एरवी सामाजिक कार्याच्या नावाखाली होणाऱ्या शाळेच्या रंगरंगोटीपेक्षा ही एक सही कितीतरी मोलाची.

दुसरी अडचण पैसे कधी मिळतात याची. छोट्या पुरवठादाराचा जीव कंत्राट न मिळाल्याने जात नाही, बिल अडकल्याने जातो. काम झालं, डिझेलचे पैसे दिले, पोरांचे पगार झाले आणि मोठ्या कंपनीचा लेखा विभाग म्हणतो, साठ दिवस थांबा. कोविडच्या सुरुवातीला, मार्च 2020 मध्ये, बीएचपी या खाण कंपनीने छोट्या, स्थानिक आणि आदिवासी पुरवठादारांची बिलं सात दिवसांत चुकती करायचं ठरवलं. साधा निर्णय होता आणि तो घेण्यासाठी साथच यावी लागली, हे जरा विचित्रच.

आता भागीदाऱ्यांकडे वळू. जिथे राखीव वाटा असतो, तिथे पाटी एकाची आणि धंदा दुसऱ्याचा हा खेळ सुरू होतोच. ग्रामपंचायतीपासून बांधकाम खात्यापर्यंतची उदाहरणं मराठी वाचकाला वेगळी सांगायला नकोत. ऑस्ट्रेलियातही एखाद्या आदिवासी व्यक्तीच्या नावावर निम्मी मालकी दाखवायची आणि नफा, निर्णय, नोकऱ्या दुसरीकडे न्यायच्या, हे वारंवार उघडकीला आलं. 2009 मध्ये सुरू झालेली सप्लाय नेशन ही संस्था अशा उद्योगांची नोंदणी करते. तिच्याकडे दोन पायऱ्या आहेत: साध्या नोंदणीला निम्मी मालकी पुरते, पण प्रमाणपत्रासाठी 51 टक्के मालकी आणि शिवाय प्रत्यक्ष कारभारही हातात असावा लागतो. 2015 पासून लागू असलेल्या सरकारी खरेदी धोरणातही निम्म्या मालकीची अट होती. 1 जुलै 2026 पासून तीही 51 टक्क्यांवर नेण्याचं सरकारने ठरवलं. वरवर एका टक्क्याचा फरक. पण सह्यांचा अधिकार कोणाकडे, हे त्या एका टक्क्यावर ठरतं.

आणि तरीही कंत्राट म्हणजे संमती नव्हे. हा घोटाळा खाण कंपन्या सोयीस्करपणे करतात. ज्या फोर्टेस्क्यूच्या अब्ज डॉलरचं वर कौतुक केलं, तिचीच सॉलोमन खाण यिंडजिबार्न्डी समाजाच्या भूमीवर त्या समाजाच्या संघटनेशी करार न होताच उभी राहिली. समाजाचे दोन गट पडले. 2017 मध्ये न्यायालयाने त्या भूमीवर यिंडजिबार्न्डींचा अनन्य पारंपरिक हक्क मान्य केला; कंपनी वरच्या न्यायालयांत गेली आणि 2020 पर्यंत सगळीकडे हरली. मे 2020 मध्ये रिओ टिंटोने जूकन दरीतल्या सुमारे 46 हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंग लावून उडवल्या. तीही कंपनी आदिवासी पुरवठादारांकडून खरेदी करतच होती. एका हाताने टँकरचं कंत्राट द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पूर्वजांची जागा उडवायची, या दोन्ही गोष्टी एकाच ताळेबंदात खुशाल बसतात.

कॅनडाचा अनुभव थोडा वेगळा, कारण तिथे मालकी हळूहळू वर सरकली. आल्बर्टातल्या तैलवाळूच्या खाणींशेजारी फोर्ट मकाय हा आदिवासी समाज राहतो. 1986 मध्ये त्यांनी कंपनी काढली, ती साफसफाईच्या एका कंत्राटावर. 2017 मध्ये याच समाजाने शेजारच्या मिकिस्यू क्री समाजासोबत सनकॉर या तेल कंपनीच्या साठवण टाक्यांच्या प्रकल्पात 49 टक्के हिस्सा विकत घेतला, सुमारे 50 कोटी कॅनेडियन डॉलर मोजून. झाडू ते भागभांडवल, या प्रवासाला तीन दशकं लागली.

कॅनडातच उत्तरेकडच्या हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा रस्ता तर वर्षातून जेमतेम आठ-दहा आठवडे असतो. यलोनाइफजवळून निघणारा हा सुमारे चारशे किलोमीटरचा मार्ग बहुतांशी गोठलेल्या तळ्यांवरून जातो. भरलेला ट्रक इथे सायकलच्या वेगाने चालवावा लागतो, नाहीतर बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि किनाऱ्याजवळ बर्फ फुटतो. हा रस्ता बांधणाऱ्यांत नूना ही इन्युइटांची बहुसंख्य मालकी असलेली कंपनी आहे. पण इथल्या डायविक खाणीचं उत्पादन 2026 मध्ये थांबवण्याचं नियोजन झालं. खाणी एकेक करून बंद झाल्यावर बर्फाचा रस्ता बांधण्याचं कसब कुठे विकायचं?

गोव्याने या प्रश्नाची किंमत मोजली आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागात खनिजाची वाहतूक बरीचशी स्थानिक ट्रकमालकांकडे होती. ती कोणा कंपनीच्या उदार धोरणातून आलेली नव्हती, तर ट्रकमालक संघटनांच्या दबावातून. चीनची मागणी वाढली तशी माणसांनी कर्ज काढून ट्रक घेतले, कोणी मांडवी-जुवारीत बार्जी उतरवल्या. 2012 मध्ये बेकायदा खाणकामाच्या प्रकरणात सगळं ठप्प झालं. पुढे काही काळ काम सुरू झालं, पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले आणि 15 मार्चनंतर उत्खनन थांबलं. बंदी योग्यच होती. पण हप्ते थांबले नाहीत. सरकारला कर्जदारांसाठी सवलतीची योजना काढावी लागली. स्थानिकांकडे काम होतं, पण एकच गिऱ्हाईक होतं.

भारतात याबाबत नियम नाही असं नाही. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी, म्हणजे चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सनेही, वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची असते आणि त्यातच 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखीव असतो. मात्र हा वाटा माणसाच्या जातीवर मोजला जातो, गावावर नाही. दिल्लीतला पात्र उद्योजक कोळशाच्या खाणीला यंत्रांचे पट्टे विकतो, तेव्हा कागदावर लक्ष्य पूर्ण होतं. त्याच खाणीसाठी जमीन गेलेला वणीचा शेतकरी त्या मोजणीत कुठेही येत नाही.