बापाची धाप आणि पुंडलिकाची वीट

॥ राम कृष्ण हरि ॥

भाविकहो, देव विटेवर का उभा, हे वारकऱ्याच्या घरचे लहान पोरही सांगते. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. देव दारी आला, तेव्हा त्याने वीट पुढे सारली आणि देवाला थांबवले. या कथेतील एक गोष्ट मात्र नीट ध्यानी घ्यावी. पुंडलिकाचे हात त्या वेळी रिकामे नव्हते, ते कामात होते. देव थांबला तो त्या हातांकडे पाहून.

उमरीकडच्या आमच्या गावांतून सरपण म्हणजे पऱ्हाट्या. त्या धुरात मायमाउल्यांनी तीस-चाळीस वर्षे भाकरी थापली. बापाने बिडी ओढली, कोणी जिनिंगात कापसाची धूळ गिळली. तोच धूर म्हातारपणी छातीत उभा राहतो. दोन पावले चालले की धाप, अंघोळीला बसले की धाप, घास गिळतानाही धाप. घरचे म्हणतात, ‘वय झालं, दम लागणारच.’ सज्जनहो, हे वय नव्हे, हा रोग आहे. डॉक्टर त्यास सीओपीडी म्हणतात. श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसातले वायुकोश फाटतात, आतली हवा पुरती बाहेर पडत नाही आणि नव्या हवेस जागा उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे याने गेली. झिजलेले फुप्फुस पुन्हा भरून येत नाही, हे मुलाने मनाशी पक्के धरावे. परंतु रोग जात नसला तरी दुःख हलके करता येते.

आषाढी जवळ आली की अशा घरी पेच पडतो. दिंडी निघायची असते आणि बाप खाटेवर बसून धापा टाकत असतो. तोच म्हणतो, ‘जा रे बाबा, माझ्यापायी वारी चुकवू नको.’ मुलाचा पाय ना पुढे पडतो ना मागे. आम्ही सांगतो, अशा मुलाने खुशाल थांबावे आणि वारी चुकली असे मनात आणू नये. या देवाला वाट पाहण्याची सवय आहे. भाऊ असतील तर एकाने थांबावे, एकाने जावे, पुढल्या वर्षी पाळी बदलावी. मात्र खाट सुनेच्या गळ्यात घालून आपण टाळ घेऊन निघणे, ही पुंडलिकाची रीत नव्हे.

थांबून करावे काय? धाप लागली की बापाला आडवे करू नये. पुढे झुकवून बसवावे, हात उशीवर टेकवावे, तोंडावर पंख्याचा वारा द्यावा. नाकाने श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा, असे आपण त्याच्यासंगे करावे. भोवती गलका नको. भीतीने धाप वाढते आणि धापेने भीती. जेवण थोडे थोडे, चार वेळा. ‘पंपाची सवय लागते’ हे बोलणे खोटे आहे. डॉक्टरांनी शिकवले तसा तो रोज द्यावा, मागून चूळ भरवावी. धाप एकाएकी वाढली, ओठ निळसर झाले, माणूस गुंगीत बरळू लागला, तर तिथीवार न पाहता १०८ ला फोन करावा. नांदेडला विष्णुपुरीस मोठे शासकीय रुग्णालय आहे.

कित्येकांस घरी प्राणवायूचे यंत्र लागते, तेही दिवसाकाठी निदान १५ तास. त्याचे माप डॉक्टर ठरवतात; मायेपोटी ते वाढवू नये. या रोगात प्राणवायू जास्त झाला तर अंगातला दूषित वायू साठतो आणि माणूस गुंगीत जातो. गावात वीज जाते, म्हणून भरलेली टाकी जवळ असावी. आणि निरांजन, उदबत्ती, धूप त्या खोलीत नकोच. प्राणवायूजवळ ठिणगीचा भडका होतो, धुराने छातीही कोंडते. देव तुळशीच्या पानावर राजी आहे.

आणखी एक, कठीण असले तरी सांगतो. बाप बोलू शकतो तोवर त्यास विचारावे, ‘दादा, शेवटी दवाखान्यात यंत्रावर राहायचं, का घरी आपल्या माणसांत?’ हे अभद्र मानू नये. त्याचे म्हणणे ऐकणे हीही सेवाच.

सांजेला खाटेजवळ बसून हरिपाठ म्हणावा. बापाला म्हणवणार नाही, टाळही धरवणार नाही; बोटाने गोधडीवर ठेका धरील. तेवढा ठेका घरात वाजतो आहे, तोवर पंढरी दूर नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!