पाहुण्यांची उपासना

मिशन ट्रिप म्हणजे एखाद्या चर्चमधल्या दहा-वीस जणांनी आठवडा-दोन आठवड्यांची रजा काढून परदेशातल्या गरीब गावात सेवेसाठी आणि धर्मसाक्षीसाठी जाणे. पूर्वीचा मिशनरी बोटीने जाई, तिथली भाषा शिकण्यात वर्षे घाली आणि पुष्कळदा तिथल्याच मातीत पुरला जाई. मिशन ट्रिपचा प्रवासी परतीचे तिकीट काढूनच निघतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी 2005 सालच्या सर्वेक्षणावरून असा अंदाज काढला, की अमेरिकेतले सुमारे 16 लाख प्रौढ चर्चसदस्य दरवर्षी अशा परदेशवारीला जातात. शेजारचा मेक्सिको हे त्यांच्या आवडत्या ठिकाणांपैकी एक. सहलीचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो: दिवसा भिंत बांधणे, औषधे वाटणे, मुलांचे खेळ घेणे, आणि संध्याकाळी किंवा रविवारी गावकऱ्यांबरोबर उपासना. या यादीत शेवटी येणारी ही गोष्टच तपासून पाहण्याजोगी आहे.

दिवसाच्या कामांवरची टीका जुनी आहे. विचारवंत इव्हान इलिच यांनी 1968 साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका येथे अमेरिकी स्वयंसेवक विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले होते, की तुमच्या सदिच्छेची इथे कुणाला गरज नाही. यायचेच असेल तर बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. पुढे कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने होंडुरासमध्ये 1998च्या ‘मिच’ चक्रीवादळानंतर बांधलेल्या घरांचा हिशेब मांडला. स्थानिक संस्था सुमारे 2,000 डॉलरमध्ये जे घर उभे करी, त्यासाठी पाहुण्यांच्या गटाचा प्रवासासकट खर्च सुमारे 30,000 डॉलर येई. ज्यांना घरे मिळाली, त्यांच्या लेखी घर कोणी बांधले याने विशेष फरक पडला नव्हता. गवंडीकाम न येणाऱ्या माणसाने गवंड्यांच्या गावात जाऊन विटा रचाव्यात, यातला विनोद काही आयोजकांच्याही लक्षात आला आहे, पण सहली थांबलेल्या नाहीत.

उपासनेचा हिशेब मात्र असा डॉलरमध्ये मांडता येत नाही. गावकऱ्यांच्या प्रार्थनेत पाहुणा कोणाच्याही उपयोगाचा नसतो. भाषा येत नाही, गाणी माहीत नाहीत, कधी उठायचे आणि कधी गुडघे टेकायचे हेही शेजाऱ्याकडे बघून ठरवावे लागते. एरवी देणारा म्हणून आलेल्या माणसाला इथे घेणारा व्हावे लागते. सबंध सहलीतला प्रामाणिक भाग तेवढाच, असे म्हटले तरी चालेल. मात्र त्यासाठी प्रार्थनेचा ताबा गावाकडेच राहायला हवा.

मेक्सिकोच्या दक्षिणेकडचे चियापास राज्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथल्या डोंगराळ भागात त्सेल्ताल आणि त्सोत्सिल या माया कुळातल्या भाषा प्रत्येकी पाच लाखांहून अधिक लोक बोलतात. त्सेल्ताल कॅथलिक गावातली उपासना बाहेरच्याला पहिल्यांदा गोंधळाची वाटते. जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया पसरलेल्या असतात आणि मातीच्या धूपदाणीतून कोपाल झाडाच्या डिंकाचा दाट धूर निघत असतो. शंख आणि ढोल वाजतात. काही ठिकाणी मध्यभागी माया वेदी मांडतात: पूर्वेला लाल मेणबत्ती, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी, मध्ये हिरवी किंवा निळी. मंडळी एकेका दिशेला तोंड करून गुडघे टेकतात. मग सगळे एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येक जण आपापली प्रार्थना म्हणू लागतात. कोणी आजारी मुलाविषयी बोलतो, कोणी मक्याविषयी, कोणी जमिनीच्या तंट्याविषयी. आवाज चढत जातो, मग एकेक करून विरतो. वीणेसारखे हार्प, गिटार आणि व्हायोलिन यांवर एक संथ चाल सुरू होते आणि लोक जागच्या जागी पावले टाकत नाचतात. हे नाचणे करमणुकीचे नाही, ती प्रार्थनाच असते. इंग्रजीतल्या तासाभराच्या, छापील क्रमाने चालणाऱ्या उपासनेची सवय असलेला पाहुणा इथे घड्याळ बघू लागतो. आठवड्याभराच्या मुक्कामात त्याने पाळायची शिस्त एवढीच, की घड्याळ खिशात ठेवावे.

ही उपासना आदिकाळापासून जशीच्या तशी चालत आली आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. तिच्यामागे अर्धशतकाचे जाणीवपूर्वक काम आहे. येसू संघाने (जेझुइटांनी) बाचाखोन या त्सेल्ताल गावात 1958 साली मिशन सुरू केले. सामुएल रुइझ 1960 पासून चार दशके चियापासमधल्या सान क्रिस्तोबाल शहराचे बिशप होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ते सहभागी झाले होते आणि 1963 मध्ये त्याच परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडून दिले. 1974 साली भरलेल्या आदिवासी परिषदेत जमीन, व्यापार, शिक्षण आणि आरोग्य यांवर लोक स्वतःच्या भाषांतून बोलले.  रुइझ यांनी तीनशेहून अधिक विवाहित आदिवासी पुरुषांना डीकन, म्हणजे पुरोहिताखालच्या दर्जाचे दीक्षित सेवक, केले. पत्नीसह गावाची सेवा करणारे हे लोक कॅथलिक परंपरेच्या चौकटीत बसत असूनही ही विवाहित पुरोहितांकडे जाणारी पायरी ठरेल अशी रोमला धास्ती वाटली आणि 2000 नंतर नव्या दीक्षा थांबवण्यात आल्या. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2014 मध्ये, ती बंदी उठली. 2016च्या फेब्रुवारीत ते स्वतः सान क्रिस्तोबालला आले, आदिवासी भाषांतल्या वाचनांसह मिस्सा झाली आणि त्यांनी रुइझ यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. 2024 मध्ये व्हॅटिकनने या धर्मप्रांतातल्या उपासनेतले नृत्य, स्त्रियांनी धूप दाखवणे आणि साध्या गावकऱ्याने प्रार्थनेचा काही भाग चालवणे यांना रीतसर मान्यता दिली.

प्रोटेस्टंट बाजूची कथाही भाषेपासूनच सुरू होते. बायबलच्या भाषांतरकार मारियाना स्लोकम आणि परिचारिका फ्लॉरेन्स गर्डेल या दोघी मिशनरी 1940च्या दशकात त्सेल्ताल भागात राहायला गेल्या. तिथल्या ओश्चुक गावच्या बोलीतला नवा करार 1956 साली छापून आला. त्या दोघींनी तिथे वर्षानुवर्षे काढली. मिशन ट्रिपला आपण त्यांच्याच वाटेने चाललो आहोत असे वाटत असेल, तर हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

मराठी वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 साली प्रसिद्ध झाले आणि तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन आणि भजन रुजवले. टाळ-मृदंगाच्या साथीने चाललेल्या ख्रिस्ती भजनात एखादा अमेरिकी पाहुणा बसला, तर त्याने टाळ हाती घ्यावा. स्वतःची गिटार पुढे करून गाणे सुरू करू नये, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

चियापासमध्ये नेमके हे गिटार पुढे करणेच पुष्कळदा घडते. पाहुणे स्पीकर आणि गिटार घेऊन येतात, पुढच्या बाकांवर बसवले जातात आणि साक्ष द्यायला उभे राहतात. साक्ष इंग्रजीत, तिचे भाषांतर स्पॅनिशमध्ये, मग स्पॅनिशवरून त्सेल्तालमध्ये. तीन मिनिटांचे बोलणे दहा मिनिटे चालते आणि तोवर गावची उपासना खोळंबते. आदरातिथ्य म्हणून गाव हे सगळे चालवून घेते. शिवाय पाहुण्यांच्या मागे छपरासाठी येणारे पैसे असतात. छप्पर हवे असलेले गाव पाहुण्याला खाली बस म्हणत नाही, आणि म्हणूनच गावाच्या हसतमुख स्वागतावरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही. फोटो काढण्यावरूनही गाव पाहुण्यांना टोकत नाही. जवळच्याच सान हुआन चामुलाच्या देवळात पाइनच्या सुया, जमिनीवर रोवलेल्या मेणबत्त्या आणि त्यांच्यापुढे बसलेली कुटुंबे दिसतात; पर्यटक तिथे तिकीट काढून जातो आणि त्याला आत फोटो काढण्याची सक्त मनाई असते. मिशन ट्रिपवाल्याला अशी बंदी क्वचितच असते. त्यामुळे मर्यादा पाळण्याच्या बाबतीत तिकीट काढून आलेला पर्यटकच सरस ठरतो.

एका उपासनेत बसून गावाची एकी पाहिली, असे मानणे त्याहून धोक्याचे. चामुलात 1974 पासून हजारो प्रोटेस्टंट कुटुंबांना गावाबाहेर काढण्यात आले आणि सान क्रिस्तोबालच्या कडेने त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. वाद फक्त धर्माचा नव्हता. नव्या पंथात गेलेला माणूस पोश नावाची उसाची दारू सोडी, सणांसाठी मेणबत्त्या आणि दारू विकत घेणे थांबवी, सणांची खर्चिक मानाची पदे नाकारी. म्हणजे हा व्यापार आणि मान ज्यांच्या हाती होता, त्या गावपुढाऱ्यांच्या मुळावरच घाव बसे. 22 डिसेंबर 1997 रोजी चियापासमधल्याच आक्तेआल गावात प्रार्थनेसाठी जमलेल्या 45 त्सोत्सिल लोकांची हत्या झाली. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि हल्लेखोरही आसपासच्या गावांतले त्सोत्सिलच होते. या प्रदेशात कोणत्या चर्चमध्ये कोण बसते, याला राजकारणाचे वजन आहे. आठवड्याभराच्या पाहुण्याला ते दिसत नाही, पण त्याच्या येण्याने एका बाजूच्या पारड्यात मात्र भर पडते.

मग मुळात जावेच का, हा आक्षेप उरतो. 1971च्या बार्बाडोस जाहीरनाम्यात मानववंशशास्त्रज्ञांनी दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींमधले सर्व मिशनकार्य बंद करण्याची मागणी केली होती. ज्या समाजाला बाहेरचा संपर्कच नको आहे, त्याच्या बाबतीत ती आजही बिनतोड आहे. 2018 साली अंदमानच्या उत्तर सेंटिनेल बेटावर बंदी मोडून गेलेल्या अमेरिकी तरुणाच्या मृत्यूने तो प्रश्न पुन्हा समोर आणला. त्सेल्ताल गाव मात्र दोन-तीन पिढ्यांपासून, कॅथलिक परंपरा धरली तर शतकांपासून, ख्रिस्ती आहे. त्याला धर्म द्यायला कोणी येण्याची गरज नाही, आणि म्हणूनच तिथे सहधर्मी म्हणून जाऊन बसणे शक्य होते. भाषा न कळताही ‘आमेन’ कुठे येते ते कळते, भाकर हातात येते तेव्हा ती कशाची हे कळते. यापलीकडे फारसे काही घडत नाही, घडावे अशी अपेक्षाही ठेवू नये. ज्या चर्चनी हे ओळखले आहे, तिथे पाहुण्यांना पुढे बसवत नाहीत, साक्ष द्यायला सांगत नाहीत आणि देणगीचा विषय उपासनेच्या वेळेपासून दूर ठेवतात.

राहिला प्रश्न परतभेटीचा. अमेरिकी प्रवासी पासपोर्ट घेऊन मेक्सिकोत सहज उतरतो. त्सेल्ताल शेतकऱ्याला अमेरिकेत जायला व्हिसा लागतो आणि तो मिळणे कठीण असते. तरीही चियापासच्या डोंगरातले पुष्कळ तरुण गेल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत पोहोचले आहेत, बांधकामावर, शेतात, हॉटेलांच्या भटारखान्यात. रविवारी ते आपापसात, भाड्याच्या खोलीत किंवा स्पॅनिश मंडळीत प्रार्थना करतात. उन्हाळ्यात त्यांच्या गावी जाऊन आलेले चर्च त्याच शहरात, काही मैलांवर असू शकते, आणि तिथे जायला विमान लागत नाही.