पाठीला माती लागते तेव्हा

लवळ्याच्या डोंगरावर आज सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं उभी आहेत, आणि ज्या मुळशी तालुक्यात हे गाव येतं तो तालुका पिढ्यान्‌पिढ्या पैलवानांचा म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचा पाया घालणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठा गावचे. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा त्यांच्याच स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते. डोंगरावरच्या वसतिगृहात राहायला आलेल्या मुलाला किंवा मुलीला एखादी लढण्याची विद्या शिकावीशी वाटली, तर कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, ज्यूदो, लाठीकाठी, कुस्ती अशी नावं समोर येतात आणि पहिला प्रश्न पडतो तो एवढाच, की यातलं सोपं काय. हा प्रश्न आळशी माणसाचा समजून पुष्कळदा झटकला जातो. मला मात्र तो धर्मविचाराच्या गाभ्याशी जाणारा वाटतो. दुसऱ्याला इजा करण्याचं सामर्थ्य कमवायला निघालेल्या नवख्याने कुठून सुरुवात करावी, हे ठरवताना त्याच्या सोयीइतकाच समोरच्या माणसाच्या हाडामांसाचाही विचार करावा लागतो.

सोपी वाट मागण्यात कमीपणा आहे असं आपली परंपरा म्हणत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला पायरी पायरीने खाली उतरून वाट दाखवतो. चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यास कर, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, आणि तेवढंही झेपलं नाही तर कर्माच्या फळावरचा हक्क सोड. साधकाची कुवत पाहून साधन सांगण्याची ही रीत आहे. पण साधन हलकं केलं तरी अभ्यासाची अट सुटत नाही. पतंजलीने अभ्यास पक्का होण्यासाठी तीन गोष्टी मागितल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदराने व्हावा. म्हणून नवख्यासाठी सोपी विद्या कोणती हे ठरवताना मी एकच कसोटी लावेन. जिच्यात पहिल्या महिन्यापासून पूर्ण जोर लावता येतो आणि तरीही जोडीदार दुसऱ्या दिवशी धडधाकट परत येतो, ती सोपी.

या कसोटीवर कुस्ती आणि ज्यूदो या पकडीच्या विद्या ठोशा-लाथांच्या विद्यांपेक्षा सरस ठरतात. ठोसा मारायला शिकणाऱ्या नवख्यासमोर दोनच पर्याय असतात: हवेत किंवा पोत्यावर मारावं, नाहीतर समोरच्याला खरोखर लागेल असं मारावं. अंगाला स्पर्श होता होता हात थांबवणं ही पुष्कळ वर्षांनी येणारी करामत आहे. पकडीत ही अडचण नाही, कारण जोर आणि इजा या दोन गोष्टी तिथे खेळाच्या रचनेतच वेगळ्या केलेल्या आहेत. मातीतल्या कुस्तीचा निकाल कसा लागतो ते पाहा. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला माती लागली की कुस्ती संपली. त्याचं रक्त निघालं का, त्याची शुद्ध हरपली का, हे कोणी विचारत नाही. बॉक्सिंगमध्ये समोरच्याला उठता न येणं हाच सर्वांत निर्विवाद विजय मानतात. चीतपट झालेला पैलवान मात्र माती झटकून लगेच उभा राहतो. जपानमध्ये ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही शाळा स्थापन केली तेव्हा हाच विचार जाणीवपूर्वक केला. जुन्या जुजुत्सूतले घातक डाव आणि आघात त्यांनी मोकळ्या सरावातून काढून ठरावीक आकृतिबंधापुरते ठेवले, पडताना अंग कसं सांभाळायचं हे शिक्षणाच्या आरंभी आणलं, आणि पुढे दोघांचं मिळून कल्याण हे ज्यूदोचं एक तत्त्व म्हणून मांडलं. ज्याला फेकायचं त्याच्याच सहकार्याने आपण शिकतो, याची इतकी स्पष्ट कबुली दुसऱ्या लढाऊ विद्येत क्वचितच सापडेल.

आपल्या तालमीत हे तत्त्व कोणी सूत्ररूपाने लिहून ठेवलं नाही, पण ते तिथल्या रीतीभातीत आहे. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची, वस्तादाच्या पाया पडायचं, सलामी देऊन हात मिळवायचा आणि मग झोंबायचं. कोनाड्यात मारुती असतो. समर्थ रामदासांच्या चाफळला मारुतीची दोन रूपं आहेत: रामासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि देवळामागचा प्रताप मारुती. बळाची उपासना करणाऱ्या परंपरेने जोडलेले हातही तितक्याच आदराने पुजावेत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

यावर कराटेचे जाणकार म्हणतील की त्यांच्या विद्येतही संयम आहे. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी पहिला वार आपला नसावा अशी शिकवण दिली, आणि काताची, म्हणजे कराटेतल्या ठरावीक आकृतिबंधाची, सुरुवात बचावाने होते. हे खरं आहे आणि आदरणीयही. पण काता एकट्याने करायचा असतो. तिथला संयम उपदेशातून येतो आणि गुरू चांगला असेल तरच रुजतो. पकडीत तो हाताला मिळतो, कारण जोडीदाराची मान आपल्या कोपराखाली असते आणि तो श्वास कसा घेतोय हे आपल्याला कळत असतं.

याहून गंभीर आक्षेप अहिंसेचा आहे: मुळात हे शिकावंच कशाला? हा वाद मुळशीच्या मातीला नवा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्यात पुढे आलेले सेनापती बापट आरंभी निःशस्त्र मार्गाने लढले आणि शेवटी कामाची मोडतोड, रेल्वे अडवणं इथवर जाऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. त्यांचं पाऊल योग्य होतं की नाही यावर मतं वेगळी असू शकतात, पण अहिंसा कुठवर हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या देहाने विचारला. दुबळ्याची करुणा खोटी असते असं मी म्हणणार नाही. ती पुष्कळदा बलवानाच्या करुणेहून निर्मळ असते. पण हातात आलेला माणूस न दुखावता सोडण्याचा रोजचा सराव ज्या जागी मिळतो, ती जागा अहिंसेच्या विरोधात आहे असं मानायला मला आधार दिसत नाही.

मग मुळशीतलंच उदाहरण समोर ठेवलं जाईल. आयटी कंपन्यांची हिंजवडी या तालुक्यातच येते; तिच्यामुळे जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि कसदार शरीराच्या तरुणांना दंडेलीसाठी गिऱ्हाईक मिळू लागलं. 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत कसा ओढला जातो ते दाखवलं. हा आक्षेप मी मान्य करतो. तालीम माणसाला संत करत नाही. तालमीतला संयम हौद्यापुरता शिकवला जातो, आणि बाहेर जमीन, कर्ज आणि बेकारी यांचा दाब आला की तो टिकेलच अशी हमी कोणतीही विद्या देत नाही. म्हणून माझा दावा मर्यादित आहे: सुरुवातीला कोणत्या विद्येत दुसऱ्याला कमी इजा होते आणि संयम लवकर अंगवळणी पडतो, एवढाच.

कुस्ती सोपी कशी म्हणायची, जोर-बैठकांनी अंग पिळून निघतं आणि कान मोडतात, हा शेवटचा आक्षेप. केसरी होणं अवघडच आहे, पण हौद्यात पहिल्या दिवशी उतरायला केसरी असावं लागत नाही. मुलींना तालमीचं दार फार काळ बंद होतं हे मात्र लपवू नये. महिला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 2023 मध्ये सुरू झाली. ज्या गावात मुलींसाठी अजून हौदा नाही, तिथे ज्यूदोची मॅट ही चांगली सुरुवात आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी पडण्याच्या विद्येच्या वाटेला जाऊ नये, त्यांच्यासाठी लाठीचे हात योग्य. त्यांच्या बाबतीत ज्याच्या अंगाला जपायचं तो जोडीदार ते स्वतःच असतात.