कब्बालदुर्ग आणि शृंगेरी

बंगळुरूच्या कृष्णराजेंद्र बाजाराजवळ, बसगाड्यांच्या आणि हातगाड्यांच्या कोलाहलात, जुन्या किल्ल्याचा जो अल्पसा अवशेष उरला आहे, त्याच्या भिंतीत एक कोरीव पाटी बसविलेली आहे. २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून इंग्रजांचा हल्ला झाला, एवढाच तिचा आशय. त्या रात्री लढता लढता पडलेल्या बहादूरखान किल्लेदाराचे नाव तिच्यावर नाही, कारण पाटी जेत्याने लावली. तेथून थोड्याच अंतरावर हैदरअलीने आरंभिलेला आणि टिपू सुलतानाने पुरा केलेला सागवानी खांबांचा महाल आहे, आणि त्याला लागूनच वेंकटरमणाचे देवालय.

या टिपूची जयंती राज्य सरकारने २०१५ साली सुरू केली आणि २०१९ साली बंद केली. आम्हां मराठी माणसांना या वादात आपली बाजू आधीच ठाऊक असते, आणि तिला आधारही भक्कम आहे. खंडणीच्या तंट्यावरून नरगुंदच्या भावे संस्थानावर १७८५ साली टिपूची फौज चालून आली. दीर्घ वेढ्यानंतर अभयवचन मिळाले म्हणून गडावरची माणसे खाली उतरली, आणि वचन मोडून व्यंकटराव भावे व त्यांचे कारभारी काळोपंत पेठे यांना सहकुटुंब कैद करण्यात आले. कैद्यांची रवानगी झाली ती कनकपुऱ्याकडील कब्बालदुर्गावर. आज सुटीच्या दिवशी बंगळुरूची तरुण मंडळी मोठ्या हौसेने चढून जातात तो हाच उघडा, उभ्या चढणीचा कातळ. ज्या कारभाऱ्याने शब्दावर विश्वास ठेवून तलवार खाली ठेवली, त्याने त्या कातळावर कोणत्या मनाने दिवस काढले असतील, याचा विचार केला की टिपूची कोणतीही थोरवी ऐकण्याची इच्छा उरत नाही.

परंतु बंगळुरूचा किल्ला पडला त्याच १७९१ सालातील दुसरी हकीकतही तितकीच खरी आहे. इंग्रज आणि निजाम यांच्या जोडीने म्हैसूरवर निघालेल्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्यातील टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट केली. स्वामी सच्चिदानंद भारतींना कारकळला आश्रय घ्यावा लागला. स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने बेदनूरच्या अधिकाऱ्यास मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य व धान्य देण्याचा हुकूम केला. त्याची कन्नड पत्रे मठात जपलेली होती. म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्या हाती ती १९१६ साली आली. युद्धाचा फास आवळत आला तेव्हा त्याला देवाधर्माची आठवण झाली, असे म्हणणारे म्हणोत. मूर्ती त्याने बसविली आणि हलविली ती आमच्या लोकांनी, हे त्या म्हणण्याने बदलत नाही.

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असते, की ते पेंढारी होते, भाऊंची त्यास आज्ञा नव्हती. पण नरगुंदचा वेढा टिपूने स्वतः कोठे चालविला होता? तो चालविला त्याचा सेनापती बुऱ्हाणुद्दीन याने, आणि तरीही आपण योग्यपणेच टिपूला जबाबदार धरतो, कारण फौज त्याची, निशाण त्याचे, आणि लाभही त्याचाच. मग धर्मनिष्ठ म्हणून नावाजलेल्या सरदाराने जी लुटारू माणसे आपल्या छावणीच्या आसऱ्याने चालू दिली, त्यांच्या कृत्याचा जाब त्याच्याकडे मागताना आपण वेगळा कायदा काढावा, हे मला पटत नाही. शृंगेरीच्या दानाने कब्बालदुर्गाची कैद हलकी होत नाही. नरगुंदच्या विश्वासघाताने शृंगेरीची लूटही धुऊन निघत नाही. एकाचा दुष्ट तो दुसऱ्याचा वीर असतो: तैमूरने १३९८ साली दिल्लीत केलेली कत्तल आपण विसरलो नाही, आणि ताश्कंदच्या भर चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. बंगालात तर रघूजी भोसल्यांच्या घोडेस्वारांचे भय आयांनी अंगाईत आणून ठेवले. तेथील दुष्ट आम्ही होतो.

बंगळुरूहून शारदेच्या दर्शनाला जाणारी मराठी कुटुंबे मी नेहमी पाहतो. नरगुंदची हकीकत त्या घरांतून मुलांना सांगितली जाते, ती सांगितलीच पाहिजे. १७९१ साली या मठात कोण शिरले, हेही त्यांना त्याच प्रवासात, पटवर्धनांचे नाव घेऊन, आईवडिलांनीच सांगावे. बाहेरच्या कोणी त्यांना ते हिणवून सांगण्याची वेळ येऊ देऊ नये.