बारा धोंडे आणि मुलांची भाषा

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीतील बारा धोंडे गिलगाल येथे उभे केले. पुढे मुले त्यांविषयी विचारतील तेव्हा बापांनी सांगावे, हा त्यामागचा हेतू आपण शब्बाथ शाळेत शिकवतो. म्हणजे नुसते धोंडे पुरेसे नव्हते. सांगणारा हवा होता, आणि मुलाला कळेल अशी भाषाही हवी होती. बिदर-कलबुर्गीकडील मराठी कुटुंबांपुढे आज हाच प्रश्न आहे. मुले शाळेत कन्नड वाचतात, आजी ‘उपासनासंगीत’ उघडून गाते. उपासना कोणाच्या भाषेत व्हावी?

हा प्रश्न पूर्वी एका दूरच्या मंडळीलाही पडला होता. १६३८ साली काही स्वीडिश लोक अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी वसले. १६५५ मध्ये तेथे डचांचा अंमल आला, १६६४ मध्ये इंग्रजांचा. आपणांस हे नवखे वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. बिऱ्हाडे जागच्या जागी राहिली, सीमाच हलली.

त्या स्वीडिश लोकांनी विकाको नावाच्या वस्तीत १७०० साली ‘ग्लोरिया देई’ हे विटांचे मंदिर पुरे केले. पुढे शतकभर पाळक स्वीडनहून येत राहिले. त्यांतील शेवटचे निल्स कोलिन १८३१ मध्ये वारले. तोवर मंडळीची भाषा इंग्रजी झाली होती, आणि १८४५ मध्ये ती एपिस्कोपल मंडळीत गेली. त्या मंदिरात आजही उपासना होते. पूर्वजांना आणणाऱ्या दोन जहाजांच्या प्रतिकृती छताला टांगलेल्या आहेत. (जहाजे टांगणे त्या मानाने सोपे!)

भाषा सोडली हे त्यांचे पाप झाले काय? मला तसे वाटत नाही. त्याच वसाहतीतील पाळक योहान्नेस कँपानियस यांनी तेथील मूळ रहिवाशांसाठी लूथरची लहान प्रश्नोत्तरी लेनापी भाषेत उतरवली. ती १६९६ मध्ये स्टॉकहोमला छापली गेली. परक्यासाठी दुसरी भाषा शिकणे हे सुवार्तेचे काम असेल, तर स्वतःच्या नातवासाठी ते निषिद्ध कसे?

मात्र “देवाला सर्व भाषा कळतात” असे सांगून आजीची समजूत घालू नये. देवाला कळतात, पण तिला कळत नाहीत. नवऱ्याच्या उशाशी बसून जी प्रार्थना तिने केली, ती तिला दुसऱ्या भाषेत करता येणार नाही. तिचे नुकसान खरे आहे. उपासनेचा क्रम बदलणाऱ्या कमिटीने ते तिच्यासमोर कबूल करावे, आणि दर रविवारी निदान एक गीत व एक प्रार्थना मराठीत ठेवावी.

दुसरे ऋण बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या जुन्या वह्यांचे. भिंतींना रंग द्यायला वर्गणी चटकन जमते. कपाटातील वहीला वाळवी लागली तरी कोणी पाहत नाही. कोणाच्या पणजीने कोणत्या साली प्रभूचा स्वीकार केला, हे त्या वहीखेरीज कोठे सापडणार? ते जुने अक्षर वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी अशा एखाद्या वडीलधाऱ्याशेजारी एक मूल बसवावे. त्यांनी मराठी वाचावे, मुलाने कन्नडात लिहावे. एका रविवारी एक पान झाले तरी चालेल.